सासूबाईंनी धुतलेला बीकर

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं नाही, आणि एकही चुकीचं उत्तर दिलेलं नाही. यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल गेली चार वर्षं खुद्द मामांनाच शंका होती. ती शंका माझ्यामुळे होती, हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला तर अजूनही नाही. ती ते इथेच वाचेल.

मामा रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. सगळी नोकरी त्यांनी कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, पिल्लं वाढवण्यात घालवली. कालवाचं पिल्लू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि कशानेही मरतं, त्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायची सवय मामांना लागली. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असे. चहा आला की आधी त्यात तो बुडवायचा आणि "बासष्ट. थांबूया," असं म्हणायचं, तोवर बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला असायचा. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेले की वाकून करंगळी पाण्यात बुडवणार, चाटणार आणि जाहीर करणार, "खार कमी. वर देवरुखाकडे पाऊस झालाय." काचेचा पेला ओठांना लावण्याआधी नाकाला लावणार. एका लग्नात व्याह्यांनी दिलेला सरबताचा पेला त्यांनी इतका वेळ हुंगला, की मुलीकडची माणसं मागे जाऊन सरबत पुन्हा करून आली. घरी भांडी राखेनेच. मामी म्हणायच्या, "माहेरी गेले की मी साबणाने घासायची हौस भागवून घेते."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. जीवशास्त्राच्या संशोधकांचा एक ऑनलाइन गट आहे, त्यात मी होतो. कुणी विचारतं, माझ्या पेशी का मरतात? कुणी कळवतं, आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक जादा आहे, घेऊन जा. कुणी प्रशिक्षणाच्या जागा सांगतं. निवृत्त मामांचा वेळ जावा म्हणून मी एकदा त्यातलं वाचून दाखवलं, तर ते गोंधळून गेले.

"हे सगळे एकमेकांना ओळखतात?"

"नाही, मामा."

"मग यंत्र फुकट का देतात? आमच्या भावकीत मेले कुंपणाच्या गडग्याचा एक चिरा सोडत नाहीत."

उत्तराखाली लोक अंगठा का देतात, तेही त्यांना कळेना. "एवढे शिकलेले आणि सही येत नाही?"

पण कालवांचा प्रश्न आला की मामा सरसावून बसत. ते बोलायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. त्यांचं उत्तर म्हणजे एक प्रदक्षिणा असे; पाणी किती वेळा गाळावं हे विचारलं की आधी मालगुंडच्या मावशीकडचं लग्न, मग तिथली पंगत, मग कढीचं फडकं, आणि शेवटी "दोनदा." मी ते "दोनदा" तेवढं लिहायचो. गटात माझ्या नेमकेपणाचं कौतुक व्हायचं. पाहता पाहता मामा 'रत्नागिरीचे सर' झाले, आणि दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने त्यांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. शिकायला नव्हे, शिकवायला! उभ्या नोकरीत ज्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यांनी पिपेटची पेटी जुन्या धोतरात गुंडाळून बॅगेत भरली आणि मला तीनदा विचारलं, "मराठीत बोललो तर चालेल ना हो, जावईबापू?"

त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, पिल्लं जगवायची कशी? मामांनी तासभर सांगितलं. त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची गोष्ट होती. सासूबाईंनी एकदा मामांच्या बीकरमधून पाहुण्यांना कोकम सरबत दिलं, मग तो साबणाने लख्ख धुऊन परत ठेवला, आणि त्यानंतर दोघा बहीणभावांत सहा महिने अबोला होता. मी हसलो. सासूबाईंचं भांडण जगापुढे कशाला, म्हणून ती गोष्ट गाळली आणि नेटके चार मुद्दे लिहिले: पाणी, तापमान, गर्दी, खाणं.

तिची पिल्लं तिसऱ्या दिवशी मेली. पुन्हा केलं, पुन्हा मेली. हंगाम संपला. तिने कळवलं, सरांनी सांगितलं तसंच सगळं केलं होतं.

मामा पार चक्रावले. भाट्याहून कालवं आणून त्यांनी ओटीवर तोच प्रयोग मांडला, आणि पिल्लं मजेत जगली. परत मांडला, परत जगली. खुर्चीत बसून ते बोटं मोजत. "पाणी बरोबर. ऊब बरोबर. मग चुकलं कुठे हो?" आणि एक दिवस माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही सगळं लिहिलंत ना?"

"हो मामा. सगळं."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं की नाही, हे मलाच अजून नीट सांगता येत नाही.

मामांनी बॅग रिकामी केली. "ज्याच्या सांगण्याने पिल्लं मरतात, तो काय शिकवणार?" मी त्या प्रयोगशाळेला प्रकृतीचं कारण कळवलं. दोन महिन्यांनी त्या मुलीचा निरोप आला: बीकर साबणाने धुतले होते, त्याचा अंश काचेवर राहायचा; ते बदलले आणि पिल्लं जगली, सरांना नक्की सांगा. मी तो वाचला. मामा समोरच बसले होते, "काय म्हणतायत?" असं विचारत होते. "काही विशेष नाही," म्हटलं.

गेल्या महिन्यात मामा आमच्याकडे आले होते. बायको लोणचं घालत होती. तिने विचारलं, "मामा, मीठ एवढं पुरे?" मी मनात म्हटलं, आता तासाची निश्चिंती. मामा म्हणाले, "मला विचारू नको गो. माझ्या सांगण्याने चुकतं."

मी त्यांना अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तिची पिल्लं जगली?"

"जगली, मामा. चार वर्षांपूर्वीच."

"आणि मी ओटीवर बोटं मोजत होतो." मग म्हणाले, "ताईने धुतलेला बीकर गाळलात? अहो, उत्तर तर तेच होतं! बाकी सगळं पुस्तकात असतं." रागावले असते तर बरं झालं असतं. "घ्या मोबाइल. लिहा."

पाहुणे, सरबत, साबण, अबोला, एकूण एक लिहिलं. शेवटी माझी चूक माझ्या नावाने लिहिली. संध्याकाळी मामांनी विचारलं, "अंगठे आले का?"

"एकच आलाय. त्या मुलीचा."

"तिचा चालेल," म्हणाले, आणि आत जाऊन बरणीत डोकावले. "अगो, मिठाचं म्हणजे काय, आमच्या गुहागरच्या आत्याकडे एकदा..."

बायको हातातलं काम ठेवून ऐकत बसली. मीही बसलो. आता मामांना पिपेटवरच्या रेघा दिसत नाहीत. प्रशिक्षणाचं ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. आत्याच्या गोष्टीत पुढे तिची गाय आली, गडगा आला, पाहुणे आले; प्रशिक्षण मात्र आलं नाही.