नीलिमा मॅडमचा ई-रीडर

दिघीच्या खाऱ्या हवेत कपाटांवर गंज चढतो ना, तसे आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से चढतात. घासून काढले तरी पुन्हा तेवढेच! यंदाचे सगळे नीलिमा मॅडमच्या ई-रीडरचे. आता हसतो, पण तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती.

मॅडमची केंद्रप्रमुख पदाची परीक्षा होती आणि वयामुळे ही शेवटची संधी. नेमकं तेव्हाच डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मोबाइलवर वाचणं बंद. टाइप मोठा हवा. आणि ओळीतली मधली अक्षरं जायला लागली, तर त्याच दिवशी या." तेव्हापासून मॅडम दर तासाला एक डोळा झाकून फळा वाचायच्या. बघणाऱ्याला धडकी भरायची.

*

हेडसरांनी भाच्याचा छोटा रीडर आणला. मॅडमनी त्यात बालमानसशास्त्राची पीडीएफ उघडली आणि पांढऱ्याफटक पडल्या. "सर, मला काहीच वाचता येत नाहीये."

हेडसरांनी चष्मा लावला, रीडर नाकाला टेकवला आणि म्हणाले, "मॅडम, मलाही नाही येत."

अख्खं पान त्या एवढ्याशा स्क्रीनवर कोंबलेलं, अक्षरं मुंगीएवढी. दुसऱ्याला दिसत नाही म्हणून इतकी आनंदलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

*

मग वहीएवढा मोठा रीडर घेतला. मॅडम आगरदांड्याहून रोज फेरीबोटीने येतात. एकदा मीही बरोबर असताना बोट फारच डुलायला लागली. मॅडमनी लाइफ जॅकेट मागून घेतलं आणि रीडरच्या पिशवीला घालून पट्टे आवळले. मी म्हटलं, "अहो, आणि तुम्ही?"

"मला पोहता येतं."

*

परीक्षेला दोन दिवस उरले आणि रीडर गायब! सगळ्या नोट्स त्यातच. आम्ही तासभर शाळा पालथी घातली.

शेवटी आमच्या शिपाई पारूमावशी आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीपाशी घुटमळताना दिसल्या. त्यांच्या घरी एकदा मोबाइल बंदच होईना आणि शेवटी त्याची बॅटरी फुगून फुटली होती. रीडर बंद केला तरी शेवटचं पान स्क्रीनवर तसंच राहतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता हाही फुटणार, म्हणून त्यांनी तो वाळूत पुरला होता.

मॅडमनी रीडर काढला, पदराने पुसला. एक डोळा झाकून पान वाचलं, मग दुसरा.

मावशी रडवेल्या झाल्या. "म्या लय येळा बटन दाबला, मॅडम. पर अक्षरं काय जाईत न्हाईत."

मॅडमनी त्यांचा हात घट्ट धरला. "मावशी, तेवढंच परत एकदा सांगा."