शेवटच्या ओळीतली दीपा

पंचफुलामावशीच्या घरात तिच्या दीपाचा एकबी फोटो नाई. पोरगी आठव्या वर्षी तापानं गेली, तवा आमच्या ढाणकीत फोटो काढाले कोन जाय? तिचे कपडे मावशीनं वाटून टाकले. राह्यला तो एक पाळणा, दीपाच्या बारशाले मावशीनं सोताच रचलेला. मावशीले लिहिता येत नाई, पण बाई अशी की चूल फुकता फुकता चार कडवे जुळवे.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. गानं कोनाचंबी गा, पण शेवटच्या ओळीत रचनाऱ्याचं नाव असते, ते जसंच्या तसं घ्याचं. त्याले छाप म्हनतात. छाप बदलली त लोकं गानाऱ्याले मांडवातून उठवत. मावशीनं त्या ओळीत आपलं नाव नाई टाकलं. तिनं टाकलं, "दीपाची माय म्हने, नीज गं राणी." पोरगी गेली, पन वस्तीत बारसं असलं की तिचं नाव निघे. तेवढ्यासाठी मावशी हरेक बारशाले जाय, पाय दुखो का कंबर.

मंग पुसदचा प्रफुल्ल आला, गाने रेकॉर्ड करून मोबाईलवर टाकनारा. "आजी, तुमचा पाळणा जगात पोचवतो," म्हने. मी म्हटलं, मावशी, काई लिहून त घे. तिनं मलेच झापलं, "संगीता, छाप आहे ना त्यात! कोन चोरन?" येडी नाई वो ती. तिच्या आख्ख्या जिंदगीत छापेले कोनी हात लावला नव्हता, तिले काय ठाव!

मावशीनं त्याच्या मशीनवर सारा पाळणा गायला. काई दिवसानं तो मोबाईलवर आला. आवाज कोन्या पोरीचा, पेटी-ढोलक झकास, अन् शेवटी, "प्रफुल्लदादा म्हने, नीज गं राणी." मावशीनं मोबाईल कानाले लावला. मले म्हनते, "इतं दीपा होती." माहं त डोस्कंच भनकलं. मेल्या, चाल घे, कडवे घे, मेलेल्या लेकराचं नाव कायले खोडलं? फोन केला त म्हनते, "जुनं लोकगीत आहे, कोनाच्या बापाचं नाई."

उमरखेडले अश्वजित वकिलाकडे गेलतो आमी. मानूस भला. म्हने, तीनशे वर्षांखाली विलायतेत रचनाऱ्याच्या हक्काचा कायदा झाला. त्याच्याआधी पुस्तकावर छापखानेवाल्याचाच ताबा, लिहिनारा कोरडाच. आता आपल्याकडेबी ज्यानं रचलं त्याचाच हक्क. नोंदनी करा लागत नाई, अन् रचनारा मेल्यावरबी साठ वर्षं हक्क राह्यते. गानं इकलं तरी रचनाऱ्याचं नाव कोनाले काढता येत नाई. मावशीचं तोंड उजळलं. तीनशे वर्षं झाले म्हने, अन् आमच्या वस्तीत अजून पोचला नाई तो कायदा!

मंग वकील हळूच म्हनाला, "पन मावशी, तुमचा पाळणा ना कागदावर, ना टेपेत. पहिल्यांदा उतरला तो त्याच्याच मशीनवर. मी नोटीस धाडतो, पन कोर्टात साक्षीदार लागन. जुनं लोकगीत नाई हे दाखवाले, दीपाच्या बारशालेच हा पाळणा पहिल्यांदा तुमच्या तोंडून आयकलेला."

"सारी वस्ती साक्षीदार आहे!" मी फुशारकीनं म्हटलं.

कायची वस्ती! दीपाच्या बारशाले असलेल्या बायांतून एक लीलाबाई तेवढी जिती. आमी तिच्या दारात बसलो. म्हातारीनं डोळे मिटून सारे कडवे म्हटले, एकबी शब्द चुकली नाई. अन् शेवटी खुशाल म्हने, "प्रफुल्लदादा म्हने..."

"अवो लीलाबाई, दीपाची माय!" मी वरडलीच.

"काहून वो? नातीन त रोज असंच वाजवते."

मी लय बोलली असती. मावशीनं माहा हात दाबला. "राहू दे. तिची काय चूक?"

तवापासून मावशी रोज माह्या ओट्यावर ये अन् तोच पाळणा लावाले सांगे. नोटीस पोचली असन, त्यानं ओळ बदलली असन, अशी आस. आज नाई त उद्या. म्या किती सांगितलं, नोको आयकू, जीव जाळते तो. आयके तवा ना! मोटरसायकलीवर तेच, लग्नाच्या डीजेवर तेच, अन् माह्या ओट्यावरबी तेच.

परवा माह्या नातीचं बारसं झालं. म्या साऱ्या बायाईले बजावलं, शेवटची ओळ कोनी नाई म्हनाची, मावशीच म्हनन. आमच्या घरी तरी दीपाचं नाव निघू द्या. मावशी नवं लुगडं नेसून आली, पाळण्याची दोरी धरली. गळा तिचा अजूनबी तसाच, गोड. शेवटचं कडवं आलं. बाया चूप झाल्या. मीबी पदर तोंडाले लावून उभी.

"प्रफुल्लदादा म्हने," मावशीच्या तोंडून निघालं, "नीज गं राणी."

मावशीनं दोरी सोडली अन् माह्याकडे पाह्यलं.

"संगीता," ती म्हने, "मीच खोडलं वो तिले."