रोल नंबर अडतीस

शरदिनीबाईंची नेमणूक संस्कृतसाठी झाली होती. ही गोष्ट आता शाळेत त्या सोडून कोणाला आठवत नव्हती, आणि त्याही कोणाला आठवण करून देत नसत. बनारसमधल्या त्या मुलींच्या शाळेतले गणिताचे मास्तर एकोणीस वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरायची फाइल वर गेली. ती खाली येईपर्यंत गणित तेवढं तुम्ही सांभाळा, असं बाईंना सांगण्यात आलं. फाइल अजून यायची आहे.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांचं माहेर ब्रह्मा घाटावरचं, आणि तिथेच चार दारं सोडून सासरही. वडील घरीच वेदपाठशाळा चालवायचे, त्यामुळे संथा कशी देतात ते बाईंनी परकर नेसायच्या वयापासून ऐकलेलं. गुरुजींनी ओळ एकदा म्हणायची, विद्यार्थ्यांनी ती दोनदा म्हणायची, बस्स. अर्थ मागाहून. मध्ये कोणी ‘का’ विचारलं तर वडील म्हणायचे, आधी पाठ कर, मग तोंड उघड. अशानं अख्खी संहिता पाठ होते, मग वर्गसमीकरण कोण लागून गेलंय?

तेव्हा बाईंनी गणिताची संथा सुरू केली. ‘ऋण गुणा ऋण बराबर धन,’ बाई एकदा म्हणणार, बावन्न मुली दोनदा म्हणणार. शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायचे त्यांचंसुद्धा बीजगणित पक्कं झालं. दहावीचा निकाल दरसाल ऐंशीच्या वर. मुली पाठीमागे त्यांना ‘दोबारा मैडम’ म्हणायच्या. बाईंना हे ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नसे. तास संपताना त्या नेमानं विचारायच्या, ‘किसी को कुछ पूछना है?’ आणि प्रश्नचिन्ह पडायच्या आत डस्टर उचलून चालू लागायच्या. एकोणीस वर्षांत कोणाला काही विचारायचं नव्हतं. इतकं चांगलं शिकवतात बाई!

मग यंदा ऑगस्टमध्ये अन्नपूर्णा उभी राहिली.

अन्नपूर्णा म्हणजे नववी ‘ब’, रोल नंबर अडतीस. बाप घाटावर मोटरबोट चालवतो. पोरगी मुखदुर्बळ, वर्गात आहे की नाही ते हजेरीलाच कळायचं. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मैडम, क्यों?’

‘क्या क्यों?’

‘ऋण गुणा ऋण, धन क्यों होता है?’

बाई म्हणाल्या, ‘पहले याद करो. समझ में बाद में अपने आप आ जाएगा.’

‘याद है, मैडम.’

‘तो और याद करो.’

मुली हसल्या. अन्नपूर्णा बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली. तिला टायफॉइड झाला होता. त्याचा ऋण-धनाशी काही संबंध नव्हता, पण बाईंना दोन दिवस उगाचच तो आहे असं वाटत राहिलं.

खरं दुखणं निराळं होतं. संध्याकाळी भाजी चिरताना बाईंच्या ध्यानात आलं, की ‘बाद में अपने आप’ म्हणून आपण ज्याची वाट बघतोय ते एकोणीस वर्षांत काही आलेलं नाही. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. वासुदेवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पेपर वाचत बसले होते.

‘अहो, ऋण गुणिले ऋण धन का हो होतं?’

‘नियम आहे तसा.’

‘पण नियम तसा का?’

‘अगं, मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली,’ वासुदेवराव पेपर न हलवता म्हणाले, ‘असलं तिथे कोणी कोणाला विचारत नाही.’

आता, शाळेत यंदाच तीस टॅबलेट आले होते. त्यात एक मास्तर होता. माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धीचा. मुलीनं आपला रोल नंबर टाकायचा, हिंदीत प्रश्न लिहायचा, तो समजावून सांगणार. नाही समजलं तर पुन्हा सांगणार. दर पंधरवड्याच्या शनिवारी कोणी काय विचारलं याचा अहवाल प्रधानाचार्यांकडे. हुशार मुली हिरव्या, मधल्या पिवळ्या, ढ मुली लाल. बाईंनी आल्याआल्याच त्याला नावं ठेवली होती. विचारल्याशिवाय जो बोलत नाही तो शिकवणार काय कपाळ, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या.

आणि मधल्या सुट्टीत त्याच बाई टॅबलेटच्या खोलीत जाऊन दार लोटून बसल्या. शिक्षकांना वेगळा नंबर होता, पण त्यात नाव उमटायचं. संस्कृतच्या बाई गणितातलं पहिलं पाऊल विचारतायत, हे जगाला कळण्यापेक्षा गंगेत उडी बरी. अडतीस नंबरची मुलगी घरी आजारी, नंबर रिकामाच पडलाय. बाईंनी अडतीस टाकला.

‘बहुत अच्छा सवाल है, अन्नपूर्णा!’ टॅबलेट म्हणाला.

बाई त्या वाक्याकडे बघत राहिल्या. सवाल अच्छा आहे असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार, सवालच केलेला नव्हता.

यंत्रानं आधी संख्यारेषा सांगितली. मग उलटी चालणारी लिफ्ट. मग उलटा लावलेला सिनेमा. बाईंनी प्रत्येक उत्तर सवयीनं दोनदा लिहून काढलं, एका बोटानं, आणि खाली लिहिलं, ‘समझ में नहीं आया.’ यंत्र म्हणायचं, ‘कोई बात नहीं अन्नपूर्णा, चलो दूसरी तरह से देखते हैं.’ चिडायचं नाही, डस्टर आपटायचं नाही. नऊ दिवसांत बाईंनी तोच प्रश्न चौदा वेळा विचारला. खोटं कशाला बोला, सहाव्या वेळेनंतर त्या उत्तरापेक्षा त्या ‘कोई बात नहीं’साठीच जात होत्या. त्यांना ते फार आवडायला लागलं होतं.

उत्तर मात्र डोक्यात शिरत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. लिफ्टमध्ये बाई आयुष्यात दोनदाच बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा डोळे मिटून.

शनिवारी प्रधानाचार्य देवव्रतजींनी सगळ्या शिक्षकांना बोलावून अहवाल वाचला. सज्जन माणूस, पण छापील कागद हातात आला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

‘नौवीं ब, रोल नंबर अड़तीस. लाल. एक ही सवाल, चौदह बार! हर जवाब दो-दो बार टाइप किया है. मशीन कहती है, एकाग्रता की गंभीर कमी.’ त्यांनी चष्मा काढला. ‘बोर्ड का पंजीकरण गुरुवार को बंद हो रहा है. इस लड़की का गणित छुड़वाकर गृहविज्ञान भरवा दीजिए. पिताजी को बुला लीजिए.’

मुलींना इथे गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येतं. कागदावर ती सवलत आहे. पण नववीत गणित सुटलं की पॉलिटेक्निक सुटलं, रेल्वे सुटली, जिथे म्हणून आकडा लागतो ते सगळं सुटलं. हे बाईंइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

‘सर, वो तो बीमार है,’ बाई म्हणाल्या. ‘अठारह दिन से स्कूल आई ही नहीं.’

देवव्रतजींनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. बघितलं. ‘आपके यहाँ अनुपस्थित है, मशीन में उपस्थित. मैडम, रजिस्टर ठीक कर लीजिएगा.’

एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. एरवी बाईंनी शाळा डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी मूग गिळून बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी वासुदेवरावांना सगळं सांगितलं. वासुदेवरावांनी या वेळी पेपर खाली ठेवला.

‘हात दाखवून अवलक्षण!’ ते म्हणाले. ‘सांगून टाक की जाऊन.’

‘काय सांगू? गणिताच्या बाईंना गणित येत नाही म्हणून सांगू? हसतील लोक.’

‘हसतील तर हसतील,’ वासुदेवराव म्हणाले, आणि चहा मागितला.

चार दिवस बाईंनी तोडगे शोधले. यंत्र बिघडलं म्हणावं. नंबर चुकून पडला म्हणावं. गुरुवारपर्यंत काहीतरी होईल म्हणावं. सगळ्यात सोपा तोडगा त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होता, आणि तेवढा सोडून बाकी सगळ्यांचा त्यांनी विचार केला. भेकड माणूस फार कामसू असतो.

गुरुवारी विश्वेश्वर आला, अन्नपूर्णाचा बाप. पुरामुळे बोटी बंद होत्या, म्हणून मोकळा होता. बरोबर अन्नपूर्णा. तापानं अर्धी झालेली, दोन्ही वेण्या मिळून एकीएवढ्या. देवव्रतजींनी त्यांना खुर्च्या दिल्या, प्रेमानं समजावलं, फॉर्म पुढे केला. बाई भिंतीशी उभ्या होत्या.

‘साहब, ई तो बोट का इंजन खुद खोलती है,’ विश्वेश्वर म्हणाला. ‘हमने तो सोचा था, डिप्लोमा करेगी.’

‘इंजन खोलना और बात है.’

‘बंद भी करती है. चलता है इंजन.’

देवव्रतजींनी अहवाल उचलला आणि अन्नपूर्णाकडे वळले. ‘बेटा, यह सवाल तुमने चौदह बार पूछा?’

अन्नपूर्णानं कागदाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘जी सर. चौदह बार पूछा.’

‘और हर जवाब दो-दो बार लिखा?’

‘जी सर. दो-दो बार लिखा.’

त्या दिवसांत पोरीच्या अंगात एकशेतीन ताप होता. टॅबलेट तिच्या स्वप्नातही आला नसेल. आणि तरी ती सगळं कबूल करत होती, स्वच्छ आवाजात, शब्द न गाळता. बाईंनी तो सूर ओळखला. वर्गात रोज पहिल्या तासाला बावन्न गळ्यांतून निघायचा तोच. मोठ्या माणसानं म्हटलं की आपण म्हणायचं. खरं की खोटं, ते मागाहून. हे पोरीला कोणी शिकवलं? बाईंनीच शिकवलं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

विश्वेश्वरनं पेन उचललं.

‘झूठ बोल रही है,’ बाई म्हणाल्या. जरा मोठ्यानंच. ‘सर, इसने नहीं पूछा. हमने पूछा.’

‘किसने?’

‘हमने. इसके नंबर से. चौदह बार.’

‘आपने?’ देवव्रतजींना काही उमजेना. ‘जाँच के लिए?’

ही सुटकेची वाट साहेबांनी आपण होऊन उघडून दिली होती. नुसतं ‘जी’ म्हटलं असतं तरी भागत होतं. बाईंना मोह झाला नाही असं नाही.

‘नहीं सर. हमें आता नहीं था. अब भी नहीं आता.’

देवव्रतजींनी अहवाल उलटून पाहिला. अशा माणसासाठी त्यात रंग नव्हता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

विश्वेश्वर पेन तसंच धरून बसला होता. त्यानं विचारलं, ‘सवाल क्या था, मैडम?’

बाईंनी सांगितलं. त्याला ऋण म्हणजे काय ते कळेना. तेव्हा बाई म्हणाल्या, ‘मतलब चीज़ घट रही है. और गिनती भी हम उलटी कर रहे हैं, पीछे की तरफ़. तो जवाब बढ़ा हुआ क्यों आता है?’

विश्वेश्वरनं विचार केला. मग म्हणाला, ‘जैसे पानी?’

‘कैसा पानी?’

‘बाढ़ उतर रही है न. रोज़ दो सीढ़ी घटता है पानी. अब आप तीन दिन पीछे जाइए. कहाँ था?’

‘छह सीढ़ी ऊपर,’ अन्नपूर्णा म्हणाली. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

‘तो ऊपर ही हुआ न,’ विश्वेश्वर म्हणाला.

बाई मनातल्या मनात तीन दिवस मागे गेल्या. दोन पायऱ्या, दोन पायऱ्या, दोन पायऱ्या. पाणी वर होतं. वर असणारच; सोमवारी त्यांनीच तर खिडकीतून बघितलं होतं. लख्ख समजलं. एकोणीस वर्षांनी समजलं, आणि बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

देवव्रतजींनी फॉर्म ओढून घेतला, गृहविज्ञानावर काट मारली आणि गणित लिहिलं. विश्वेश्वरनं खाली सही केली. तो उठला, पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराशी थांबला.

‘मैडम, यह बात आपने मशीन से पूछी? चौदह बार?’

‘हाँ.’

‘हमारा घर तो आपके घर के नीचे ही है,’ विश्वेश्वर म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. ‘बीस सीढ़ी भी नहीं होगी.’

‘मालूम नहीं था,’ शरदिनीबाई म्हणाल्या.