वाढदिवसाचं सूप

कोरियाचा ताए-सोक नऊ वर्षं परमुलखात गोल मारत आला. पोर्तुगालच्या क्लबाने मात्र त्याला बाकावर बसवलं. आजच्या शेवटच्या सामन्यात चमकला नाही, तर नारळच मिळणार. त्यात आज त्याचा वाढदिवस, आणि कोरियात वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप पितातच.

"शेवाळाचं सूप उद्या पी," त्याच्यासोबत राहणारी आई म्हणाली. "बुळबुळीत असतं. सामन्याआधी प्यायलं की माणूस घसरतो, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"वर्षभर नाही प्यायलो, तरी बाकावरच ना? वाढ."

"हट्टी मेला, बापावर गेलाय." तिने वाढलं.

शेवटच्या दहा मिनिटांत त्याला उतरवलं. गोलसमोर तो खरंच घसरला आणि पडता पडता त्याने चेंडू जाळ्यात ढकलला.

घरी येऊन म्हणाला, "उरलंय का सूप?"

"तू गेल्यावर मीच संपवलं. घसरायचं तर दोघांनी!"