परागकणाचा लाडू

सुंदर गोष्ट बघून जिच्या अंगावर काटा यावा, अशी बाई मुळशी तालुक्यात माझ्या आत्याशिवाय दुसरी नाही. आणि ती सुंदर गोष्ट बहुधा किडा असते. चांदे गावच्या शाळेत तिने विज्ञान शिकवलं. निवृत्त होताना शाळेने शाल दिली, ती परत करून तिने जुना सूक्ष्मदर्शक मागून घेतला. तो आता स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असतो. भेंडीची पहिली चकती त्याच्याखाली जाते आणि घरातले ताटं घेऊन बसून राहतात. दारातली तिची रांगोळी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी. वर भाड्याने राहणारी आयटीतली मुलं ती पार्किंगची आखणी समजून नेमक्या चौकोनात बाइक लावतात. “चित्र येगळं आन् विज्ञान येगळं, हे कुनी ठरवलं? शाळंच्या वेळापत्रकानं!” असं ती म्हणते.

रुखवत बंद करा, असं पत्रक मी स्वतः लिहून वाटलं आहे. मुलीच्या बापाच्या खर्चाचं ते प्रदर्शन मला आजही मान्य नाही. आत्याच्या मुलीचं, आमच्या ताईचं लग्न ठरलं, तेव्हा मी ते पत्रक आत्याच्याही हातात ठेवलं. “बरोबर हाय तुजं,” ती म्हणाली आणि त्याच कागदावर चकल्या निथळत ठेवल्या. त्या चकल्या म्हणजे नेच्याची गुंडाळलेली कोवळी पानं होती. लाडवाला लवंगा टोचून जास्वंदीचा परागकण केला होता, खोबऱ्याच्या षट्कोनी वड्यांचं पोळं आणि त्यावर वेलदोड्याच्या गांधीलमाश्या.

मांडवात नवऱ्या मुलाच्या काकू मागेच सरकल्या. “अगं बया! लग्नात किडं? झाका आदी ते!”

आता आत्या तासभर सुनावणार, म्हणून मी खुशीत पुढे झाले. पण तिने ताईकडे पाहिलं. ताईला त्याच घरात नांदायचं होतं. आत्याने रुखवतावर चादर ओढली. न भांडता हरलेली आत्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

ताई मुंडावळ्या सावरत उठली. चादर उचलून तिने लाडू काकूंपुढे धरला. “काकी, जास्वंद वाहताना बोटाला पिवळी भुकटी लागती ना? तिचा एक कण भिंगातनं असा दिसतो. मला आईनं दावलाय.”

काकूंनी लाडू फिरवून फिरवून पाहिला. “असं काटं असत्यात व्हय तिला?” एक लवंग उपटून त्यांनी तोंडात टाकली. “ऱ्हाऊ द्या उगडं. पोरं बगतील.”

रिवाजाप्रमाणे रुखवत सासरी गेलं, ताईही गेली. हल्ली भिंगाखाली काही नवं दिसलं की आत्या सवयीने बाजूला सरकून ताईला जागा करते आणि मग थोडा वेळ तशीच उभी राहते.