तिसरं कडवं

इकडे कान कर बाई. काल फोनवर काय बोलली तू? "दर खेपेले नवीन माणसं, हा कायचा बँड?" पाह्यल्याशिवाय असं बोलू नये.

आमच्या शेजारचा तो गिटारवाला पाह्य. दिवसभर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग करते अन् संध्याकाळी आपल्याकडची जुनी गाणी गिटार-डफावर बसवते. सोयाबीन काढायले बँडातले दोघं गावी गेले, एकाले पुण्यात नोकरी लागली, तरी कोणी बँड सोडला असं तो म्हणत नाही. म्हणते, "सुट्टीवर हायेत, काकू."

उमरखेडच्या कार्यक्रमाले मी बी गेलती. त्याच्याशी भांडून गेलेला जुना गाणारा समोरच बसला होता. दोन कडवी झाली अन् हा गिटारवाला थांबला. माइकवर म्हणाला, "तिसरं कडवं त्याचं आहे. तो आल्याशिवाय होत नाही." नुसती गिटार वाजवत राह्यला. लोक हसायले लागले. कोणी ओरडलं, "अबे, गा ना तूच!"

मले वाटलं, तो नाही उठला तर चारचौघात याची काय इज्जत राहीन? पण हा निवांत, जसा स्टँडवर एसटीची वाट पाहून राह्यला.

शेवटी तो उठला, चप्पल काढून स्टेजवर चढला. म्हणाला, "पट्टी खाली घे लेका, सहा महिने गायलो नाही."

"घेतलेलीच आहे," हा म्हणाला.

तू बी पाहायले ये लवकर. रविवारी सकाळी आमच्या अंगणात तालीम असते. बाकी कोण येईन ते सांगता येत नाही, पण हा असतेच.