माल आत गेला पाहिजे

वेल्डिंगच्या टेबलाखाली लोखंडाचे छर्रे रोज साचतात. झाडले नाहीत तर चपलेत शिरून टोचतात. किस्सेही तसेच. सांगून टाकले की पाय मोकळे होतात.

सुकापुरात माझी शेड आहे. चाळीस वर्षं गेट, ग्रिल, जिने केले, सगळे कांडीच्या वेल्डिंगवर. शाळा चौथीपर्यंत. पण माझा जोड कुणी तोडून दाखवलेला नाही. एकदा तुटला. तेही सांगेन.

नवीन पनवेलचे प्रधान साहेब बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी घरगुती मिग मशीन घेतलं. मिगमध्ये कांडी नसते. गनचं बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते, बरोबर गॅस येतो. तार आपोआप येते म्हणजे जोडही आपोआप होणार, असं साहेबांना वाटलं. बाल्कनीत त्यांनी पहिली ठिणगी पाडली ती वाळत घातलेल्या साडीवर.

वहिनी, साहेबांच्या मिसेस, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी निकाल दिला. "मशीन घरात नको. आणि दिवाळीपर्यंत न तुटणारी एक तरी वस्तू करून दाखवा. नाहीतर ते भंगारवाल्याला देणार."

मशीन माझ्या शेडमध्ये आलं. मागोमाग साहेब आले.

*

साहेबांनी दोन जाड अँगल जोडले. वरून बघाल तर सुंदर. शेवयांसारखी सरळ ओळ.

"मिस्त्री, कसं काय?"

मी हातोड्याचा एक घाव घातला. अँगल एकीकडे, शेवई दुसरीकडे.

"हे जोडलं नाही, चिकटवलंय," मी म्हणालो. "वितळून माल आत गेला पाहिजे. तुम्ही नुसता वर ठेवलाय."

"बँकेत वर ठेवलेलं चालायचं," साहेब म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मशीन ठिणगीच देईना. साहेबांनी गॅस बघितला, तार बघितली, प्लग तीनदा काढून घातला. मी खुर्चीतून उठलो नाही. अर्थिंगचा चिमटा त्यांनी अँगलच्या ऑइलपेंटवर लावला होता.

"साहेब, कागद पुरे नसताना तुम्ही कर्ज द्यायचात का?"

"नाही."

"मग रंगावरून करंट कसा जाईल? लोखंड दाखवा त्याला. चिमट्याखाली पण आणि जोडाखाली पण."

साहेबांना पटलं. ग्राइंडर घेऊन बसले. संध्याकाळी बघतो तर जोडायचं दोन इंच होतं आणि साहेबांनी सहा फूट घासलं होतं. अँगल चांदीसारखा झाला होता. शेजारी माझं टेबलही.

*

मे महिना. शेडचा पत्रा तापलेला. साहेबांनी घरून टेबल फॅन आणला, पाठीमागे लावला आणि कामाला लागले. जोडाला भोकंच भोकं पडली. तार बदलली, तरी भोकं.

गव्हाण गावची जनाबाई त्या वेळी शेडच्या सावलीला टेकायची. कोळीण. सुकापुरात दारोदार मासे विकून झाले की पाटीसकट बसायची. तिने जोड निरखून बघितला.

"साहेब, जाळीचा घावन झ्याक जमलाय. पन लोखंडाचा कशाला केला?"

फॅन सगळा गॅस उडवून नेत होता म्हणून भोकं पडत होती, हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. पण वारा माझ्याही अंगावर येत होता.

*

हुसैन कुवेतहून परत आला होता. पनवेलचाच. कुठलंही काम दिसलं की तो म्हणायचा, "आमच्या कुवेतला असं नसतं."

साहेबांचा जोड पुन्हा सुटलेला बघून तो म्हणाला, "साहब, तुम्ही डरता. व्होल्टेज फुल करा. आमच्या कुवेतला सगळं फुल असतं."

साहेबांनी व्होल्टेजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पातळ पाइपवर गन धरली. पाइपला रुपयाएवढं भोक पडलं.

साहेबांनी तोंडावरची काळी काच वर केली. "मिस्त्री, आता माल आत गेला?"

"आत गेला. आणि पलीकडून बाहेरही गेला."

मी हुसैनला विचारलं, "कुवेतला तू नेमका कामाला कुठे होतास?"

"बेकरीत," तो म्हणाला.

*

आता माझा किस्सा.

साहेब एके दिवशी म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच एकदा करून दाखवा." मी मिग कधी हातात धरलं नव्हतं. हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

कांडी लांब असते, त्यामुळे हात लांब ठेवायची सवय. गनही तशीच लांब धरली. तारेत जोर राहिला नाही. जोड दिसायला माझ्यासारखाच झाला, ताठ.

साहेबांनी न विचारता हातोडा उचलला. एक घाव. अँगल खाली.

जनाबाईने पाटी डोक्यावर घेतली.

"चिकटवलंय," ती जाता जाता म्हणाली.

त्या दिवशी मी शेड लवकर बंद केली.

*

दिवाळी तीन आठवड्यांवर आली. साहेबांचे जोड अजून सुटत होते. बोटाएवढ्या अंतरावर गन धरायला आम्ही दोघंही शिकलो होतो, पण व्होल्टेजचं बटण किती फिरवायचं ते जमेना. पुस्तकात आकडे होते. आमच्या लाइटचा दाब पुस्तकाप्रमाणे येत नव्हता.

साहेब वेल्डिंग करत होते. फट्. फट्. फट्.

जनाबाई पाठमोरी बसून सुपारी कातरत होती. "तेल तापलं नाय," ती म्हणाली.

"काय?"

"मासा तव्याला चिकटनार. आवाज आयका ना."

साहेबांनी बटण थोडं वाढवलं. फट्फट्.

"अजून नाय."

आणखी थोडं. मग तो आवाज एकसारखा झाला. चर्रर्र, मध्ये न तुटता.

"हां. आता सोडा तुकडी. आन घाई नको, तिला शिजू द्या."

साहेबांनी हात सावकाश चालवला. जोड गार झाल्यावर मी हातोडा मारला. सुटला नाही. पुन्हा मारला. मी हातोडा खाली ठेवला. साहेबांना तेवढं पुरलं.

*

साहेबांनी चौकोनी पाइपचा बुटका स्टूल केला. बारा जोड, बाराही आवाज ऐकून. वहिनी धनत्रयोदशीला स्वतः शेडमध्ये आल्या. जनाबाई, हुसैन आधीच हजर.

"मिस्त्री, मारा," वहिनी म्हणाल्या.

मी मारला.

"मुलांना छडी मारताना मी याहून जोरात मारायची."

मग मी खांद्यापासून मारला. दोनदा. स्टूलचा एक पाय वाकला, दुसरा तिरपा झाला. साहेब गुडघ्यावर बसले. बोटाने एकेक जोड चाचपला.

"बाराच्या बारा शाबूत! पाइप वाकला, जोड नाही सुटला!"

हुसैनने त्यांना मिठी मारली.

वहिनी म्हणाल्या, "स्टूल वाकडा झाला."

"वाकडा झाला. तुटला नाही," साहेब म्हणाले. "अट न तुटण्याची होती."

वहिनींनी स्टूलकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"बसा त्यावर."

साहेब बसले. एका अंगाला कललेले. मी चहा मागवला. त्यांनी एक हात जमिनीला टेकवून, दुसऱ्या हाताने कप धरून चहा प्यायला. वहिनी समोर उभ्या राहून बघत होत्या.

"असेच आणखी तीन करा," त्या म्हणाल्या. "पाहुणे लवकर उठतील."